सहावी दाढ

डॉक्टर नाही मी. पाटीवर स्पष्ट आहे:
'मेर्गू डेंटल लॅब. कवळी दुरुस्त करून मिळेल.'
साखर पेठेत, बोळात, जिना चढून.
तरी शरणप्पा आला तो डॉक्टर, डॉक्टर करतच.

काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, लेकरासारखं.
सीनेवर पुलाचा खांब उभा राहतोय,
तिथं वीस फुटांखाली, गोट्यांच्या थरात
पहार ठणकन् वाजली म्हणाला.
टेबलावर ठेवलं. टेबल करकरलं.
"ही दाढ कुणाची हाय, बघा की वो."

चाळीस वर्षं माणसांचे दात घडवले मी.
सुपारीनं झिजलेले पाहिले, मिश्रीनं काळे पडलेले,
झोपेत नुसत्या रागानं घासून सपाट झालेले.
दाढ बघून माणूस सांगतो.
पण ही चार किलोची, दगड झालेली, काकवीच्या रंगाची,
आणि वर आडव्या पट्ट्या, एकीला लागून एक,
मागावर फणी ठोकत जावं
आणि काठ उठत यावा, तशा.

कॉलेजातून कट्टीमनी बाई आल्या, भिंग घेऊन.
मॅमथ नव्हे, म्हणाल्या, ते बर्फाकडचे, केसाळ.
हा त्यांचा इकडचा चुलता, सरळ सुळ्यांचा.
आता जगात कुठंच नाही.
हत्तीला जन्मात दाढांचे सहा जोड.
पुढचा झिजला की मागचा सरकतो,
रेशनच्या रांगेत सरकावं तसा.
सहावा झिजला की मागं कुणी उभं नसतं.
मग म्हातारा हत्ती नदीकाठ धरतो,
मऊ गवत शोधत.
तिथंच बसतो.

"ही कितवी?"
"सहावी."

दाखवायचे दात कधीच कुठं वाहून गेले असतील.
खायचा तेवढा राहिला.

आईनं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सारलं.
पंचाऐंशी वय. कवळीवाल्याची आई,
आणि कवळी घालत नाही, टोचते म्हणते.
"एनुगु?" तिनं तेलुगूत खात्री करून घेतली.
हो, हत्तीच.
मग पानं कातून कातून गुळगुळीत झालेली बोटं
त्या पट्ट्यांवरून सावकाश फिरवली.
"जातं बोथट झालंय रे.
टाकीवाली आली नाही वाटतं त्याच्याकडं."
बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

ठसा घ्यायला सगळे डबे संपले.
अस्सल दाढ कॉलेजात गेली, काचेआड,
खाली कार्ड: 'सापडली: स्थानिक मजुरास.'
शरणप्पा बघून आला, काही बोलला नाही.
प्लॅस्टरची माझ्या खिडकीत आहे, कवळ्यांच्या मधोमध.
तिच्यावर त्याचं नाव मी लिहिलंय, आडनावासकट.
गिऱ्हाइकं विचारतात, हा कुठल्या पेशंटचा?

आज रात्री कडक भाकरी होती.
मी शेंगाचटणी लावून कडाकडा मोडली.
आईनं तिच्या चुऱ्यावर आमटी ओतली
आणि थांबली, खिडकीकडं तोंड करून.
तिकडं नदी नाही, बंद गिरणीची चिमणी आहे.
"किती वेळ लागतो गं भिजायला?"
"लागतो," म्हणाली. "तू जेव."