हत्तीचा डोळा

लालबागेच्या लोखंडी फाटकाशी पिशवी तपासणाऱ्या पोरानं विचारलं,
यात काय आहे?
म्हटलं, गेंडा.
हसला. जाऊ दिलं.

मे महिना. ऊन कलूनही माती पोळतेच आहे,
टँकरनं शिंपडलेलं पाणी चपलांना चिकटतंय.
राजवाडा मागे उभा, सगळ्या खिडक्या लावून,
लग्नघरात न जेवता बसलेल्या थोरल्या जावयासारखा,
आणि पुढ्यात दरवर्षीचा हा बाजार:
झाबुआची बाहुला-बाहुली, दोघंही तोंड फिरवून,
महेश्वरी पदर बांबूवरून लोंबणारे,
रंगमंचावर माइक "हॅलो, चेक" म्हणतोय अर्धा तास.

बाघच्या ठशांवाला सांगत होता,
हा काळा रंग, ताई, गंजलेल्या लोखंडाचा.
मी वळून फाटकाकडे पाहिलं.
किती ओढण्यांचा काळा नुसता उभा आहे तिथं.

पण मला ओढणी नको होती.
सेहेचाळीस नंबर हवा होता, चामड्याची खेळणी.

गेंडा बाबांनी आणला, मिलच्या बोनसच्या दिवशी.
आईला कुकर हवा होता.
आठ दिवस आई गेंड्याशी बोलली नाही.
(बाबांशी दुसऱ्याच दिवशी बोलली,
दळण आणायचं होतं.)
मग दिगूनं त्याचा उजवा डोळा काढला
कंपासच्या टोकानं, भूल वगैरे देऊन.
मोतीबिंदू पिकला होता म्हणे.
मी नर्स होते. कापूस धरला होता मी.
तेव्हापासून गेंडा कपाटावर,
भिंतीकडे उजवा गाल करून,
तीन घरं बदलली तरी तसाच.

सेहेचाळीसवर नातू बसलेला, मोबाइलमध्ये.
रिपेअरिंग नाही करत आंटी, नवीन घ्या.
मागच्या पडद्याआडून म्हातारा म्हणाला,
इकडे आण रे.

घीसालालनं गेंडा उलटा केला, पोट दाबलं,
कानामागची शिवण नखानं उचलून पाहिली.
मला वाटलं आता म्हणेल, हा आमच्याच हातचा.
म्हणाला, हा आमचा नाही. आमची शिवण दिसत नाही.
कुणाचा तरी घाईचा माल आहे.
पण चामडं खरं आहे, बकरीचं.

मग पॉलिशची जुनी डबी उघडली.
आत डोळेच डोळे.
वाघाचे पिवळे, घोड्यांचे काळे मण्यांसारखे,
सगळे आमच्याकडे, वर.
गेंड्याचे?
गेंड्याचे संपले. गेंडा आता कोण घेतं बाई?
सगळ्यांना घोडा पाहिजे, घरात बरकत येते म्हणून.
हत्तीचा लावून देतो.
त्याला काय कळतंय!

तार गरम केली, डिंक लावला, फुंकर मारली.
फुंकर मारताना त्याचे स्वतःचे डोळे मिटले,
तेवढ्यात मी सांगून टाकलं,
उद्या सकाळी माझ्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.
डावा डोळा.
उजवा असता तर गोष्ट जुळली असती,
पण दिगूला आयुष्यात जुळवून असं काही जमलंच नाही.
मोतीबिंदू? त्यानं विचारलं.
नाही. जरा वेगळं आहे.
तो मग काही बोलला नाही.
डोळा अंगठ्यानं दाबून धरला,
शंभर मोजेपर्यंत असेल.

वीस रुपये.
नातवाच्या डब्यानं सगळ्या जत्रेला ओरडून सांगितलं,
बीस रुपये प्राप्त हुए.

फाटकाशी तोच पोरगा.
काय, गेंडा विकला नाही गेला?
मी मान हलवली.
रिक्षात बसल्यावर वर्तमानपत्र थोडं फाडलं,
डोळ्यापुरतं.