आठ वार

पहिल्या सुपारीच्या आदल्या संध्याकाळी
येळवंडे सुभेदारांनी ड्रायक्लीनिंगच्या पिशवीतून
किल्ट काढून दिला. लाल-हिरवा चौकडा,
बाजूला दोन चामडी पट्टे, एक जाड पिन.
"पिन फक्त वरच्या पदराला लाव," म्हणाले,
"दोन्ही पदर टोचलेस तर पहिल्याच पावलाला फाटेल."
मी मान हलवली. मग हळूच,
खडकी बाजारातली एक रिक्षा जाऊ देऊन,
विचारलं, साहेब, आणि आत?

"आत हवा भरायची," म्हणाले, "पिशवीत."
आणि मिशीतल्या मिशीत हसून
स्कूटरला किक मारून गेले.

ढोलवाला ओव्हाळ म्हणाला, आत काही नाही,
हाच नियम आहे, पलटणीपासूनचा.
ओव्हाळ स्वतः पीटीची काळी चड्डी घालतो,
नाडीसकट. मी पाहिलीय वाळत घातलेली.

मुनाफभाई शिंप्याने तोंडातली टाचणी काढली:
पांढरं नको. व्हिडिओवाला गुडघ्यावर बसून शूट घेतो.
नायलॉन नको, मे महिना आहे,
डीपी रोडच्या लॉनवर दोन तास उभा राहणार तू,
सोलून निघशील.
सुती घाल. गडद. मांडीपर्यंत.
किल्ट खरा तर आठ वारांचा असतो,
हा मी पाचात बसवलाय,
लग्नाच्या सुपारीत तेवढाच बसतो.

घरी आईने कापड बोटांत चोळून पाहिलं.
आठ वार? म्हणजे लुगड्याला एक वार कमी.
आणि एवढं कापड असून
कासोटा मारायचं सुचलं नाही कुणाला?
मामी नऊवारीत विहिरीत उतरायची, म्हणाली,
आणि भाकरी उलटायला गेली.

तेजू माझ्याहून चार वर्षांनी लहान.
तिने कपाटातून काळी स्लॅक्स काढून फेकली.
"घाल. आणि बसून दाखव."
मी बसलो, जसा रोज बसतो.
ती इतकी हसली की भिंतीला टेकली.
"ऊठ. आधी हात मागे. चुण्या खाली सपाट कर.
मग बस. आता गुडघे."
गुडघ्यांचं काय?
"जवळ."
पुन्हा उठलो, पुन्हा बसलो.
सातव्यांदा कुठे जमलं.
तुला कुणी शिकवलं, मी विचारलं.
तिने मोबाइल उचलला.
"शिकवलं असं नाही," म्हणाली,
"बसमध्ये, वर्गात, जिन्यावर
कुणी ना कुणी बघतच असतं. येतं आपोआप."

दुसऱ्या दिवशी ओव्हाळच्या ॲक्टिवावर मागे,
एका बाजूला पाय टाकून, पाईप छातीशी धरून.
सिग्नलला पीएमटीच्या खिडक्या माझ्याकडे वळल्या.
म्हात्रे पुलावर वारा आला.
एका हाताने किल्ट दाबला,
एका हाताने पिशवी,
ओव्हाळला धरायला तिसरा हात नव्हता.

लॉनवर घोडा आला, नवरदेव आला,
फेटेवाले काका आले आणि कानाशी म्हणाले,
काय रे, आत काय असतं तुमच्या?
मग त्यांचे मेहुणे. मग मेहुण्यांचा मुलगा, फोन घेऊन.
मी पिशवीत हवा भरत होतो,
तोंडात नळी, उत्तराला जागा नव्हती.

सुभेदारांचा हात खाली आला आणि आम्ही सुरू झालो.
कुणी मला सांगितलं नव्हतं हे,
ना मुनाफभाईंनी, ना तेजूने:
की वाजवताना दोन्ही हात सुरावर असतात.
नदीकडून वारा आला, मंडपाची झालर उडाली,
मागच्या चुण्या उचलल्या गेल्या,
पोटऱ्यांना गार लागलं, मग वर, मग आणखी वर,
आणि बोट एकही सोडता येईना.
मागे कुणीतरी शिट्टी मारली.
मी समोरच्या घोड्याच्या कानांकडे बघत
सूर धरून ठेवला.
गुडघे, मला कळलं,
चालतानाही जवळ होते.

रात्री साडेअकराला दार तेजूने उघडलं.
चारशे रुपये आणि बॉक्समधली जिलबी टेबलावर ठेवली.
उडाला का, तिने विचारलं.
उडाला.
मग?
मग काय, वाजवत राहिलो.
ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली,
जिलबीचा तुकडा मोडला,
म्हणाली, स्लॅक्स धुऊन दे.
उद्या मला लागते.