तीन वेढे

ओटीवर दोन वस्तू आहेत.
एक म्हणजे सहा विती दोर,
टोकं वितळवून बंद केलेली, मधे कातडीसारखी चकाकी.
दुसरी लाल खोक्यात. दापोलीच्या कुरिअरवाल्याने
सही घेतल्याशिवाय हातातून सोडली नाही.
साडेअकरा हजार. बायको म्हणाली,
एवढ्यात गाभण शेळी आली असती,
तीही झाडावर चढते.

उद्याचं काम शाळेमागचा रायवळ.
वादळात मोडलेली फांदी अजून सालीच्या आधाराने
खिचडीच्या खोलीवर लोंबते आहे.
बाईंनी त्या बाजूची पंगतच बंद केली.

गाठ मला इब्राहिम मुकादमांनी शिकवली,
हर्णैच्या बंदरात, नांगराच्या दोरावर.
तीन वेढे, आणि शेपूट स्वतःच्याच पोटातून बाहेर.
लोंबकळलं की आवळते, अंगठ्याने ढकललं की सरकते.
म्हणाले, हिला वेगळं कुलूप नाही, तुझं वजन तेच.

नव्या दोरावर तिला चौथा वेढा लागतो.
पावसात फुगते, मग दातांनी सोडवा.
एकदा सातविणीवरून घाईत उतरलो,
जळक्या नायलॉनचा वास दोन दिवस भाताला येत होता.
कधी धरतच नाही. म्हणून रोज
जमिनीपासून दोन विती वर लोंबकळायचं,
एक शिवी द्यायची, मग जायचं.

यंत्राला शिवी लागत नाही.
दांडी दाबली की खाली, सोडली की जागच्या जागी.
माझा उजवा खांदा त्याच्या बाजूचा,
चिपळूणचा डॉक्टरही.
पुस्तिकेत लिहिलंय, दोर अमुकच जाडीचा.
खाऱ्या वाऱ्याबद्दल काही नाही,
आंब्याच्या चिकाबद्दल नाही,
पुळणीच्या रेतीबद्दल तर नाहीच,
जी आमच्याकडे मिठाच्या बरणीतही सापडते.
आतली स्प्रिंग दिसत नाही.
गाठीचं सगळं पोट बाहेर असतं.

तरी गाठीबद्दल फार गोड बोलायला नको.
धाकू शितप पडला तो गाठीवरूनच.
उंडीची फांदी गेली, तो गेला, आणि जाता जाता
धरलं काय, तर गाठ. दोन्ही हातांनी.
धरलेली गाठ सरकते.
सोडली असती तर थांबला असता.
हे तो स्वतःच सांगतो, बिडी पेटवत,
डावा पाय लांब करून, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.
घाबरून दांडी आवळली तर यंत्रही तेच करणार.
दोघांनाही माणसाची मूठ मानवत नाही.

रात्री धाकू आला. खोकं उघडलं,
दोर ओवून खांबाला बांधला, ओढला.
कट्. कट्. कट्.
पुन्हा ओढला. डोळे मिटून.
"ह्याचा आवाज येतो रं."
तेल दिलं की जाईल, मी म्हटलं.
"देऊ नको. अकरा वरसं मान वर करून
उभा हाय मी खाली. पानांत तू दिसत नाहीस,
गाठीचं काय ऐकू येत नाय.
हे वाजतंय, म्हंजे तू हायस."

मी हिशेब मांडून बसलो होतो,
जाडी, किंमत, गंज, खांदा.
त्यात खालच्या माणसाचा कान धरलाच नव्हता.

सकाळी शाळा भरायच्या आत
यंत्र दोरावर बसवलं.
सहा विती दोर कमरेला होताच,
धाकूने तो पाहिला, बोलला नाही.
दोन विती वर लोंबकळलो. शिवी दिली,
बाई अजून आल्या नव्हत्या.
मग कट्.
मुंग्यांची रांग माझ्या बाजूने वर निघालेली.
कट्.
दुसऱ्या बेचक्याशी पोचलो तेव्हा
खालून बिडीचा वास आला.
म्हणजे तो बसला असावा,
मान खाली घालून.