गुरुवारी, पावणेसहाला

लोर्ना पेल्टियरने पहिल्याच फोनवर सांगितलं,
"माझे पैसे हॉस्पिटल देतं, तुम्ही नाही.
हे आधी ऐकून ठेवा, मग बोला."
डुलुथमध्ये तेव्हा सरोवराच्या काठाला बर्फ धरत होता
आणि मी, रेसिडेन्सीचे सात महिने उरलेली,
पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून
मान डोलावत होते, जणू तिला दिसतंय.

"कुठे जायचंय, डॉक्टर रोसवॉल्ड?"
कुठेही, मी म्हटलं.
"कुठेही नावाचं गाव माझ्या यादीत नाही."

मग तिने विचारलं, काय नको.
हे कुणी विचारलं नव्हतं इतक्या वर्षांत.
जीभ सैल सुटली :
दर तिसऱ्या रात्री कॉल नको,
एकटीच्या जिवावर बाळंतपणं नकोत,
दर रुग्णाला बारा मिनिटं मोजणारा मॅनेजर तर नकोच.

वडिलांबद्दल मात्र बोलले नाही.
सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस,
ने-आण करायला माझ्याखेरीज कुणी नाही.
बाजारात गाईचा लंगडा पाय
आधी कोण दाखवतं?

वर आणखी एक शहाणपणा :
दुसऱ्या एका एजंटलाही दिला सीव्ही, गुपचूप.
त्याने मला न विचारता तो गावभर वाटला.
हॅलस्टेड फॉल्सच्या टेबलावर
माझंच नाव दोन पाकिटांतून उतरलं.
कमिशन कुणाचं हा वाद नको,
म्हणून त्यांनी दोन्ही पाकिटं मिटली.
दोन दगडांवर पाय, आणि मी पाण्यात.

लोर्नाला मीच फोन केला.
पलीकडे भांडी धुण्याचं मशीन घरघरत राहिलं
बराच वेळ.
"बरं. आता खरं सांगा. पहिल्यापासून."

सांगितलं. तिने एकच विचारलं,
"डायलिसिसची खुर्ची किती मिनिटांच्या आत हवी?"
पंचवीस.
चौदा गावांतली दोन उरली.
रडू यायला हवं होतं.
त्या रात्री मला गाढ झोप लागली.

"करार वकिलाला दाखवा, मला नको.
गोड बोलणं हा माझा धंदा आहे.
आणि आधीचा डॉक्टर का गेला,
ते सीईओला विचारू नका,
दुपारच्या शिफ्टच्या नर्सला विचारा."
विचारलं. नर्स कॉफीच्या झाकणाकडे बघत म्हणाली,
"त्याला थांब असं कुणी म्हटलंच नाही."

हा इथला माझा तिसरा हिवाळा.
वडिलांची खुर्ची अकरा मिनिटांवर.
लोर्नाला मी अजून पाहिलेलं नाही,
तिचा खुबा बदलला, एवढं कळलं.

परवा फोन आला, गुरुवारी, पावणेसहाला.
"तुमच्याकडे एक जागा निघालीय ना?
एक पोरगी आहे. कुठेही चालेल म्हणते.
तिला सांगायला हवं, डॉक्टर,
तिथे काय काय वाईट आहे?"

तिच्या बोटांखाली कीबोर्ड तयार होता, ऐकू येत होता.
मी वाऱ्यापासून सुरुवात केली.