बिस्किटांचा डबा

खिडकी क्रमांक तीन. माझं काम एवढंच:
लोक बोलतात, मी लिहून घेतो
कायद्याच्या भाषेत. खाली सही त्यांची.
सल्ला मिळणार नाही, अशी पाटी आहे
माझ्या पाठीमागे. मला ती दिसत नाही.

गेशे हार्येस मंगळवारी आली, दार उघडायच्या आधीपासून उभी.
ओल्या कोटाला खारा वारा आणि धुरावलेल्या बांगड्याचा वास,
हातात बिस्किटांचा डबा, झाकणावर दीपस्तंभ.
ब्रेमरहाफेनमध्ये सगळ्याच डब्यांवर दीपस्तंभ असतो.
"ह्यात सगळं आहे," ती म्हणाली,
"ओनो गेला. करा काय ते."

मी डबा उपडा केला.

शेवटच्या महिन्याचा थकलेला पगार:
हे कामगार न्यायालय.
विमा मंडळाचं पत्र: शीतगृहाच्या मागच्या जिन्यावरून पडला खरा,
पण तेव्हा तो सिगारेट ओढायला चालला होता,
म्हणजे मरण कामाचं नाही, त्याचं स्वतःचं.
हे सामाजिक न्यायालय. महिन्याची मुदत, अकरा दिवस उरलेत.
मेलेल्या माणसाच्या नावे कराची नोटीस:
त्यासाठी कर न्यायालय.
वारसाचा दाखला आमच्याचकडे, पण वरच्या मजल्यावर, डावीकडे,
आणि फक्त गुरुवारी.

मग बागेतली लाकडी खोपटी.
पाडा, असं बागमंडळ म्हणतं.
पाडा, असं नगरपालिकाही म्हणते.
मंडळाशी भांडायचं तर ह्याच खिडकीत,
नगरपालिकेशी, तर प्रशासकीय न्यायालयात.
खोपटी तीच. खिळे ओनोनं ठोकलेले, काही वाकडे.

"आणि हरले तर?"
हरलात तर वर.
वरच्याच्याही वर एकेक असतं, तिथं प्रत्येकाचं गाव वेगळं:
पगार एर्फुर्टला जाईल,
जिन्यावरून पडणं कासेलला,
कर म्युनिकला,
खोपटी निम्मी लाइपझिगला, निम्मी कार्ल्सरुहेला.
क्वचितच काही पोचतं तिथवर. पण रस्ता आहे.
"कासेलला गेलेय मी," ती म्हणाली,
"मावसबहिणीच्या लग्नाला. फार चढ आहेत."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी एकच पायरी पाहिली असावी.

कागदांचे पाच ढीग झाले. ती रिकाम्या डब्याकडे बघत होती.
"तो एकदाच मेला ना?"

ह्या प्रश्नाला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.
एकोणीस वर्षं इथं बसतोय, आणि खरं सांगू,
मला हे वाटप पटतं.
पगारातलं कळणाऱ्यानं पगार बघावा, करातलं कळणाऱ्यानं कर.
सगळ्याचा निवाडा एकाच माणसानं करायचा
तर राजा लागेल. आमच्याकडे राजे होऊन गेलेत.
हे तिला सांगणार होतो. नाही सांगितलं.

डबा परत देताना तळाशी काही खसखसलं.
पावतीचा चिठोरा, मागे पेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात:
बल्ब. यीस्ट. आईला फोन.
मागच्या जिन्याचा दिवा, पुन्हा सांगणे.

"ही राहू दे, यादी आहे त्याची," ती म्हणाली,
"कुठल्या कोर्टाची असणार?"
मी "पुन्हा" हा शब्द दोनदा वाचला.
पावतीवरची तारीख पाहिली. पडण्याच्या आदल्या दिवसाची.
कुठला जिना, ते लिहिलं नव्हतं.
"तुमच्या घराला मागचा जिना आहे?"
"आम्ही तळमजल्यावर राहतो."

पाठीमागची पाटी मला पहिल्यांदाच जड झाली.
मी खिडकीबाहेर बोट केलं:
झेरॉक्सचं मशीन तिकडे, खांबाच्या पलीकडे. दहा सेंटला एक.
"किती काढू?"
"न्यायालयं किती सांगितली मी?"
ती बोटांवर मोजू लागली.
"मूळ कागद मात्र," मी म्हणालो,
"डब्यातच ठेवा."