टिंब धरलं जात नाही

सेमारांगला पोंचोल स्टेशनासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन कम्प्युटर, तासाला पाच हजार रुपये.
घाबरू नका, आमच्याकडे शून्यं स्वस्त आहेत.

नोकरीवाले येतात ते बहुतेक सोमवारी:
खाकी पाकीट, लाल पडद्यापुढचा फोटो
आणि शाळेत असताना काढलेला इमेल पत्ता.
काय काय पाहिलंय मी.
चुलबुल राजकुमार. तुझ्याविना अधुरा.
एकाचा तर ‘काळं भूत तेरा’,
आणि त्याला व्हायचं होतं बँकेत कॅशियर.

वाह्युनिंगत्यास आली तेव्हा वीज नुकतीच परतली होती.
तिचा पत्ता: त्यास, गोंडस, सत्त्याण्णव.
त्यातलं गोंडस तेव्हाच्या फॅशनप्रमाणे
मुद्दाम चुकवून लिहिलेलं.
म्हटलं, गोंडस एक वेळ खपेल,
ते सत्त्याण्णव आधी काढ.
जाहिरातीत लिहिलंय वय कमाल पंचवीस
आणि तू जन्मसाल पाकिटावर चिकटवून धाडतेस.
ती बोटांवर मोजायला लागली.
मग मोजायची थांबली.

नवा पत्ता काढायला बसलो.
नाव? वाह्युनिंगत्यास.
आडनाव?
रकाना रिकामा ठेवला तर लाल होतो.
आमच्यात एवढंच असतं, एक नाव,
जन्मभर पुरतं.
मशीनला पटत नाही.
तिने तेच नाव पुन्हा टाइप केलं,
बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलताना
आपण दुसऱ्यांदा जरा सावकाश बोलतो तसं.

तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं.
‘कुणी?’ तिने मलाच विचारलं.
मलांगची असेल एखादी. किंवा मेदानला दिलेली.
सकाळी सातला गळ्यात ओळखपत्र अडकवून निघणारी,
पंचविशीच्या आतली.

म्हटलं, मध्ये टिंब दे.
वाह्यू, टिंब, निंगत्यास.
एकाचे दोन झाले, आडनावाचाही प्रश्न मिटला.
ती पडद्याकडे बघत राहिली.
‘जुन्या जावानीजमध्ये अर्थ काय, माहितेय?
वाह्यू म्हणजे वरून उतरलेला उजेड.
त्यास म्हणजे काळीज.
तुम्ही टिंब नेमकं काळजाच्या अलीकडे मारलंत.’
मी टोनर विकतो, मला काय कळणार.
पण मशीननेच सांगितलं, टिंब धरलं जात नाही.
ही आणि ती एकच.
नाव गेलेलं ते गेलेलंच.

तिची आई बाहेर फुटपाथवर,
तळलेल्या टोफूची टोपली मांडीवर घेऊन.
‘एक नाव लिहायला किती तास गं?’
पोरीने मागे वळून न बघता टाइप केलं,
वाह्युनिंगत्यास, टिंब, ङातमिनी.

आई आत आली, चपला बाहेर काढून.
‘माझं कशाला? हसतील तिथले.
ङ ऐकला की ओळखतात, डोंगरावरची माणसं.’
‘हे मोकळं होतं,’ पोरगी म्हणाली.
‘मोकळंच असणार. कोण घेतंय.’

पासवर्डच्या वेळी मी पाठ फिरवली.
मग तिने जुन्या पत्त्यावरून नव्याला पाठवून पाहिलं,
विषय कोरा, आत दोन शब्द: पोचलं का.
पोचलं.
गोंडस पोरीला आता उत्तर द्यायचं की नाही
यावर बराच वेळ बसून राहिली.
मीटर चालू होतं. मी बोललो नाही.

सात पाकिटं, चौदा फोटो, एक तास दहा मिनिटं.
दहा मिनिटं मी धरली नाहीत.
आईने पैसे दिले, वर टोफूचे चार तुकडे,
नेमके मशीनच्या काचेवर ठेवले.
पुसली मी ती काच, दोनदा पुसली.
तरी संध्याकाळपर्यंत प्रत्येक कॉपीवर
कोपऱ्यात एक फिकट टिंब येत होतं,
आणि जमिनीचे कागद घेऊन आलेला वकील
पैसे परत मागत होता.