एक चौरस फूट

टेपचं एक टोक एफ्रेनच्या बुटाखाली,
दुसरं माझ्या हातात, मध्ये
अठ्ठेचाळीस फूट.
टुकुमकारीचा वारा पट्टी पिळतो,
ती पत्र्यासारखी वाजते.

ऑर्व्हिल हॅस्केट दात कोरत उभा.
त्याच्या ट्रेलरमध्ये मेरी-गो-राउंड आहे,
सुटं करून घोंगड्यांत गुंडाळलेलं,
बावीस लाकडी घोडे, एक शहामृग.
"आतलं राहू द्या," तो म्हणतो,
"बाहेरचंच सांगा. अंदाजे."

अंदाजे.
या शब्दानं मागच्या वर्षी माझा खांदा खाल्ला.
उचलली जीभ, लावली टाळ्याला:
गुरांच्या ट्रेलरचे "सातशे" म्हणून बसले
आणि तीन दिवस शिडीवर
एकेका रिव्हेटभोवती टूथब्रश फिरवत
स्वतःला दोन भाषांत शिव्या घातल्या.
म्हणून आता आधी अंगठा.

भिंतीवर घासला की अंगठा पांढरा होतो.
ऊन इथे रंग सावकाश खातं
आणि पीठ तसंच सोडून जातं.
नाकाडावर वाळलेले टोळ,
छपराच्या कडेवरून ओघळलेल्या काळ्या रेघा,
आणि कुशीवर, माझ्या छातीला येतील एवढी
हातानं रंगवलेली गुलाबी अक्षरं:
हॅस्केट आणि मुलगा.
"मुलगा म्हणजे मी," तो म्हणतो.
वय असेल सत्तरच्या पुढे.

चिकटपट्टीनं चौकोन आखते,
बारा इंच बाय बारा,
अर्धा पांढऱ्यावर, अर्धा एका अक्षरावर.
एफ्रेन घड्याळ लावतो.
आधी जाडं पॉलिश, मग बारीक, मग कापड.
मशीन गुरगुरतं, नाकात धूळ.
सहा मिनिटं.

पट्टी सोलून काढली.
गुलाबी नव्हतंच ते.

लाल.
नुकत्या फोडलेल्या डाळिंबासारखं, ओलं वाटावं इतकं.

ऑर्व्हिलनं दातकोरणं खिशात ठेवलं.
"बारा वर्षं मी इकडे फिरकलो नव्हतो.
आलो तेव्हा बाबा नव्हते, हा होता दारात.
मला वाटलं, म्हातारा नाव लिहितो
आणि तेही गुलाबी."

मी ऐकत होते, हिशेबही करत होते.
दोन कुशी, पाठ, नाक:
एक हजार आठ चौरस फूट.
गुणिले सहा. शंभर तास.
दोन माणसं, पॅड, डबे, शिडीचं भाडं,
आणि तो खांदा, जो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

इथेच घसरतं माणूस.
समोरचा चेहरा बघितला की
आकडा आपोआप पायऱ्या उतरायला लागतो,
एकतीसशे, अठ्ठावीसशे...
एफ्रेन माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम.

"तीन हजार चारशे," मी म्हणाले.

हायवेवरून एक ट्रक गेला. पूर्ण गेला.

"अमरिलोला पाचशेत धुऊन देतात."
"देतात की. गुलाबी स्वच्छ होईल."

तो वाकला, चौकोनात बघितलं.
पांढऱ्या अर्ध्यात त्याची हनुवटी दिसत असावी.
"इतका लाल," म्हणाला, "आता मला झेपायचा नाही."
पैशाबद्दल म्हणाला की कशाबद्दल,
मी विचारलं नाही.
सहा मिनिटांचे म्हणून दहा डॉलर काढले.
मी नको म्हटलं. एफ्रेननं घेतले.

ट्रेलर वळला, पंपापाशी थांबल्यासारखा वाटला,
थांबला नाही.
पाण्याच्या टाकीपर्यंत दिसत होता तो चौकोन,
ठिगळ, पण उलटं:
भोवतीचं सगळं विटलेलं,
आणि ठिगळच मूळचं कापड.

"अठ्ठावीसशेला थांबला असता," एफ्रेन म्हणाला.
मी अंगठा पँटला पुसला.
"पुढच्या वेळी," म्हटलं,
"चौकोन कोऱ्या जागी आखायचा."